बाहुल्यांचा आहेर

श्रोतेहो, आहेराला परत आहेर करायचा, ही रीत आपल्याला काही नवी नाही. पण दोन देशांच्या शाळकरी मुलांनी एकमेकांना असा आहेर केला होता, हे तुम्ही ऐकलं आहे का?

१९२४ साली अमेरिकेनं कायदा करून जपानी माणसांना तिथं वस्तीला येण्याची वाट बंद केली. जपानला ते फार लागलं. सिडनी गुलिक नावाचे मिशनरी बरीच वर्षं जपानात राहिलेले. ३ मार्चला तिकडे मुलींचा बाहुल्यांचा सण असतो, हे त्यांना ठाऊक. मोठी माणसं ऐकत नाहीत, तर मुलांपासून सुरुवात करू, असं त्यांनी ठरवलं. १९२७ च्या सणासाठी अमेरिकेतून बारा हजारांवर बाहुल्या जपानात आल्या. बाहुल्या बहुतेक कारखान्यातल्या. पण पुष्कळांचे कपडे मुलींनी नि त्यांच्या आयांनी हातानं शिवलेले. शिवाय बाहुल्यांजवळ त्यांची पारपत्रंसुद्धा! शाळाशाळांतून त्या वाटल्या गेल्या.

आता परतीचा आहेर. शिबुसावा एइइची या वयोवृद्ध उद्योगपतींनी पुढाकार घेतला. शाळांतल्या मुलींनी एकेक सेन, म्हणजे येनचा शंभरावा हिस्सा, दिला. त्यातून कसबी कारागिरांनी ५८ बाहुल्या घडवल्या, पावणेतीन फूट उंचीच्या. चेहऱ्याला शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीचे थरावर थर देऊन घोटलेलं, अंगावर रेशमी किमोनो, सोबत चहाची इवली भांडी. त्या कारागिरांपैकी हिराता गोयो यांना पुढं १९५५ साली जपान सरकारनं 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवलं. एका सेनमागे एवढी कला! मला तर हा आहेर पहिल्यापेक्षा भारी वाटतो.

पुढं युद्ध पेटलं. १९४३ च्या सुमारास शत्रूच्या बाहुल्या नष्ट करण्याची मोहीम जपानात निघाली. कुठं त्या जाळल्या, कुठं बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या, आणि तेही शाळांच्या अंगणात, मुलांच्या डोळ्यांदेखत. गुरुजनहो, इथं जरा थांबा. वर्गातल्या बाहुलीला काठी मारायला मुलांना सांगायचं, अशी पाळी आपल्यावर आली तर? काही शिक्षकांनी ते केलं नाही. कोणी बाहुली कपाटामागं दडवली, कोणी माळ्यावर. सापडती तर देशद्रोहाचा शिक्का बसता. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं ते गप्पच राहिले.

अशा तीनशेच्या आसपास बाहुल्या वाचल्या. कित्येक शाळांत त्या ३ मार्चला पुन्हा मांडल्या जातात.