बिद्रीचा रेखांश अंगणात मोजूया



नकाशावर ७४ अंश पूर्व रेखांशाची रेषा शोधा. गोव्यात फोंड्याजवळून ती वर येते, राधानगरी, सातारा आणि सासवड यांच्या आसपासून सिन्नरला जाते, मग राजस्थान ओलांडून पंजाबात फाजिल्क्यापाशी सरहद्द गाठते. कोल्हापूर जिल्ह्यातलं आपलं बिद्री या रेषेच्या किंचित पूर्वेला.

आपली घड्याळं मात्र मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेली आहेत. एक अंश फिरायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. म्हणून बिद्रीचा खरा मध्यान्ह सरासरी बारा वाजून तेहतीस मिनिटांनी होतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकली. त्या हट्टात इंग्रज सरकारवरचा राग होता, तसा डोक्यावरच्या सूर्याचा मानही होता. मला तो हट्ट आवडतो.

हा सूर्य आपल्या शाळांतल्या मुलांनी स्वतः मोजावा, असं मला मनापासून वाटतं. सपाट अंगणात काठी उभी रोवा, ओळंबा लावून बघा. तिच्या भोवती दोरीनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवून आत जाईल ती वेळ लिहा, दुपारी ते बाहेर पडेल ती लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे आपला मध्यान्ह. आपले जुने ज्योतिषी अशाच वर्तुळावरून दिशा ठरवत. घड्याळ आकाशवाणीच्या वेळेवर लावा. अचूक वेळ हाताशी नसल्यानं रेखांश न कळून दर्यावर्दी शतकानुशतकं समुद्रात भरकटले. ती अडचण १८व्या शतकात हॅरिसन नावाच्या सुताराच्या घड्याळानं सोडवली.

दिवस मात्र निवडून घ्या. सूर्य वर्षभर घड्याळाशी जुळून चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. वर्षातून चारदा तो जुळतो. त्यांतला जूनचा आणि सप्टेंबरचा दिवस आपल्याकडे ढगांत जातो. उरतात १५ एप्रिल आणि २५ डिसेंबर.

आता रेखांश काढा: मोजलेला मध्यान्ह साडेबारानंतर जितक्या मिनिटांनी आला, त्यांत तीस मिळवा, चारनं भागा आणि साडेब्याऐंशीतून वजा करा. वेळ नीट जपा, कारण एक मिनिट कमी भरलं तर तुमचं गणित बिद्रीला पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला, थेट निपाणीला नेऊन ठेवेल.