शोक करण्याची मुभा



९ ऑगस्ट १९४२ ही तारीख मराठी घरांत आठवली जाते ती मुंबईमुळे. त्या पहाटे गांधीजींसह काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि सकाळी गवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अलींनी तिरंगा फडकावला. त्याच रविवारी संध्याकाळी, जर्मन फौजांच्या वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये फिलहार्मोनिकच्या मोठ्या सभागृहातली झुंबरे उजळली आणि अर्धपोटी वादकांनी दिमित्री शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली.

मुंबईत सत्याग्रहींना तुरुंगात डांबणारे ब्रिटिश सरकार आणि लेनिनग्राड लढवणारे सोविएत सरकार त्या दिवशी एकाच आघाडीवर होते. दीड महिन्यापूर्वी, २२ जूनला, हीच सिंफनी लंडनहून सर हेन्री वुडच्या संचालनाखाली बीबीसीवर वाजली होती. जर्मनीने रशियावर चाल केली त्याला त्या दिवशी वर्ष पूर्ण झाले होते. लंडनमध्ये ती दोस्तीची सलामी ठरली. लेनिनग्राडमध्ये ती जिवंत असल्याची खूण होती. आणि येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या तुरुंगातल्या एखाद्या कैद्याने ती त्या वर्षी रेडिओवर ऐकली असती, तर दोस्त राष्ट्रांच्या स्वातंत्र्यप्रेमाबद्दल त्याच्या मनात काय आले असते, हा प्रश्न टाळून या कृतीच्या राजकारणाविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आजच्या या भाषणाचे म्हणणे एकच आहे. ‘लेनिनग्राड’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या या सिंफनीचे बळ रणगीताचे नाही. ज्या समाजाला वर्षानुवर्षे उघडपणे रडण्याची चोरी होती, त्याला तिने चारचौघांत शोक करण्याची मुभा दिली. तिचे राजकारण शोधायचे ते तिथे.

ती चोरी का होती, हे कळण्यासाठी काही वर्षे मागे जावे लागते. जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने शोस्ताकोविचच्या ‘लेडी मॅकबेथ’ या संगीतिकेवर बिनसहीचा लेख छापून त्याची खरडपट्टी काढली. ज्याच्यावर असा लेख येई, त्याच्याशी बोलताना ओळखीची माणसेही इकडेतिकडे पाहू लागत. चौथी सिंफनी तालमी चालू असताना मागे घ्यावी लागली. ती लोकांनी ऐकली थेट १९६१ साली. मग १९३७ उजाडले. शोस्ताकोविचचा पाठीराखा मार्शल तुखाचेव्स्की गोळ्या घालून मारला गेला. मेहुणा अटकेत गेला, थोरली बहीण मारिया मध्य आशियात हद्दपार झाली, सासूची रवानगी छावणीत झाली. अशी घरे लेनिनग्राडमध्ये हजारोंनी होती. रात्री दार वाजे, माणूस नेला जाई, आणि सकाळी घरच्यांनी कामावर नेहमीच्या चेहऱ्याने हजर व्हायचे. ‘जनतेच्या शत्रू’साठी रडणे हाही गुन्हाच. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पाचव्या सिंफनीचा संथ तिसरा भाग चालू असताना सभागृहात लोक रडले, याच्या आठवणी अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. वाद्यवृंदाच्या आवाजात रडले तर कुणी कारण विचारत नव्हते.

जून १९४१ मध्ये युद्ध आले. सैन्यात भरती होण्यासाठी शोस्ताकोविचने अर्ज केला. दृष्टी अधू म्हणून तो नाकारला गेला. मग खंदक खणणे आणि कॉन्झर्व्हेटरीच्या छपरावर आगविझव्याचे काम. जुलैत त्याने सातवी सिंफनी लिहायला घेतली. ८ सप्टेंबरला वेढा पूर्ण झाला. सप्टेंबरच्या मध्यात त्याने रेडिओवरून शहराला सांगितले की नव्या सिंफनीचे दोन भाग लिहून झाले आहेत. त्याच दिवसांत काही संगीतकार मित्र त्याच्या घरी जमले. पियानोवर पहिला भाग संपत होता, तोच हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. बायकोमुलांना तळघरात पोचवून तो परत आला आणि पुढचा भाग वाजवायला बसला. तिसरा भाग सप्टेंबरअखेर पुरा झाला. १ ऑक्टोबरला सरकारने त्याला विमानाने बाहेर काढले, आणि चौथा भाग व्होल्गाकाठच्या कुइबिशेव्हमध्ये, म्हणजे आजच्या समारात, २७ डिसेंबरला संपला. ५ मार्च १९४२ रोजी तिथेच बोल्शॉय थिएटरच्या वाद्यवृंदाने सामुइल सामोसूदच्या संचालनाखाली ती प्रथम सादर केली.

आता प्रत्यक्ष संगीताकडे. पहिल्या भागाची सुरुवात रुंद, मोकळ्या सुरावटींनी होते; नांदत्या शहराचे हे चित्र. मग सगळे शांत होते आणि दुरून स्नेअर ड्रम सुरू होतो. मिरवणूक अजून दोन गल्ल्या पलीकडे असताना ताशा ऐकू यावा, इतकाच तो आवाज. त्यावर एक सुटसुटीत, जवळजवळ बालिश धून येते. तिच्यात फ्रान्झ लेहारच्या ‘मेरी विडो’ या ऑपेरेटामधल्या गाण्याचा तुकडा ऐकू येतो, आणि तो ऑपेरेटा हिटलरचा लाडका होता. ही धून बारा वेळा येते. आधी तंतुवाद्ये ती नुसती छेडतात, मग बासरी, मग ओबो एक ओळ वाजवतो आणि ‘बसून’ हे फुंकवाद्य तीच ओळ मुकाट गिरवते. धून कुठेही वाढत नाही, फुलत नाही, तिला दुसरा विचार सुचत नाही. फक्त आवाज चढतो. शेवटी जादा पितळी वाद्ये उठतात आणि कानांना सहन होईनासे होते.

ज्या संगीतपरंपरेत विस्तार हाच प्राण, तिथे एक धून विस्तार नाकारून नुसती फुगत जाते, हे रागसंगीतावर पोसलेल्या मराठी कानाला तर चटकन जाणवावे. हिंसेला कल्पनाशक्ती नसते, ही गोष्ट शोस्ताकोविचने रचनेतच घडवली आहे. अनेक पाश्चात्त्य समीक्षकांनी या भागाला उथळ ठरवले. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक अमेरिकेत रेडिओवर तो ऐकून इतका वैतागला की १९४३ सालच्या आपल्या ‘कन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’मध्ये त्याने या धुनेची टर उडवली. बार्टोक थोर खराच. पण इथे त्याच्या कानाला धून लागली आणि तिचे काम निसटले, असे स्पष्ट म्हणायला हवे.

आणि या सिंफनीचे खरे स्थान त्या ड्रममध्ये नाहीच. गदारोळ कोसळल्यावर एकटा ‘बसून’ हे वाद्यच बोलू लागते. लांबलचक, अडखळती, विलापाची सुरावट. खाली साथ अगदी विरळ. इथे विजय नाही, घोषणा नाही. कुणीतरी प्रेताशेजारी बसले आहे. या भागाच्या अगदी शेवटी तो ड्रम पुन्हा दुरून ऐकू येतो. म्हणजे पहिल्या भागात शत्रू हरलेलाही नाही.

कुणाचे प्रेत? १९४२ मध्ये अधिकृत उत्तर तयार होते: फॅसिस्टांनी मारलेल्यांचे. ते खरेही होते. पण शोकाला वर्षांची कुंपणे घालता येत नाहीत. कवयित्री ओल्गा बेर्गगोल्त्सचे उदाहरण घ्या. तिच्या पहिल्या नवऱ्याला, कवी बोरिस कोर्निलोव्हला, १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. तिला स्वतःला त्याच वर्षअखेर अटक झाली, तुरुंगात पोटातले मूल गेले. सुटून आल्यावर वेढ्याच्या काळात लेनिनग्राड रेडिओवर रोज शहराला धीर देणारा आवाज तिचाच. दुसरा नवरा जानेवारी १९४२ मध्ये वारला. अशा बाईने बसूनचा तो विलाप ऐकताना कोणत्या मृत्यूसाठी डोळे पुसायचे आणि कोणत्या मृत्यूसाठी कोरडे ठेवायचे? युद्धाने पहिल्यांदाच सगळ्यांना एकत्र रडायला सरकारमान्य कारण दिले, आणि जुने न रडलेले त्यातून वाहून गेले.

बाहेरच्या जगात मात्र ही सिंफनी वेगळ्याच वाटेने निघाली. तिची स्वरलिपी मायक्रोफिल्मवर उतरवून तेहरान, कैरो अशा मजला करत पश्चिमेकडे पाठवली गेली. पहिला मान कुणाचा यावरून अमेरिकेत टोस्कानिनी, स्टोकोव्स्की आणि कूसेवित्स्की या वाद्यवृंद-संचालकांत रस्सीखेच झाली; १९ जुलैला टोस्कानिनीने एनबीसी रेडिओवर बाजी मारली. दुसऱ्या दिवशीच्या तारखेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर शोस्ताकोविच आगविझव्याच्या शिरस्त्राणात झळकला.

लेनिनग्राडला स्वरलिपी पोचली ती वेढ्यावरून उडालेल्या विमानाने. फिलहार्मोनिकचा मुख्य वाद्यवृंद नोवोसिबिर्स्कला हलवलेला होता. शहरात उरला होता रेडिओ वाद्यवृंद आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ मध्ये कारकून, मुले आणि अवलंबितांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, कामगारांना २५० ग्रॅम. त्यातही पिठाबरोबर काय काय मिसळलेले. वेढ्याच्या ८७२ दिवसांत लाखो नागरिक मेले, बहुतेक उपासमारीने आणि थंडीने. वाद्यवृंदातले हिंडतेफिरते जेमतेम पंधरा जण उरले. सिंफनीला लागतात शंभरावर.

मार्चअखेर तालमी सुरू झाल्या तेव्हा एलियासबर्ग स्वतः अशक्तपणातून नुकताच उठला होता. पहिली तालीम पंधराएक मिनिटांत थांबवावी लागली. फुंकवाद्यांना दम लागतो, आणि दम कुणाच्यातच नव्हता. ओबोवादक क्सेनिया मातुसचा ओबो थंडीने खराब झालेला. तिने नंतर सांगितले आहे की दुरुस्ती करणाऱ्याने पैसे नकोत म्हटले, मांजर आणून दे म्हटले. खायला. तालवादक झाउदात आयदारोव्ह मेला म्हणून सांगण्यात आले होते. एलियासबर्ग शोधत गेला तेव्हा त्याच्यात धुगधुगी आढळली, अशी हकीकत आहे. सिंफनीतला तो ड्रम पुढे त्यानेच वाजवला. उरलेली जागा आघाडीवरच्या पलटणींतून वादक मागवून भरली. वादकांना जादा शिधा मंजूर झाला. तालमीला उशिरा येणाऱ्याचा शिधा एलियासबर्ग कापत असे. तो कठोर होता, आणि त्याच्या कठोरपणामुळेच मैफल उभी राहिली.

९ ऑगस्टला सोविएत जनरल गोवोरोव्हच्या तोफखान्याने आधीच जर्मन तोफांवर भडिमार केला, म्हणून मैफल चालू असताना सभागृहावर गोळे पडले नाहीत. ध्वनिक्षेपकांवरून संगीत शहरभर आणि जर्मन खंदकांच्या दिशेनेही गेले. लोक ठेवणीतले कपडे घालून आले होते, ते अंगावर लोंबत होते. वाजवणारे आणि ऐकणारे, दोघांच्या पोटात सारखीच भूक. कलेच्या इतिहासात अशी बरोबरी फार विरळा.

सरकारने या मैफलीचा पुरेपूर उपयोग करून घेतला, हे खरेच. सिंफनीला १९४२ मध्ये पहिल्या श्रेणीचे स्टालिन पारितोषिक मिळाले. पुढे १९७९ मध्ये सोलोमन व्होल्कोव्हने ‘टेस्टिमनी’ हे पुस्तक शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून प्रसिद्ध केले. ही सिंफनी स्टालिनने उद्ध्वस्त केलेल्या आणि हिटलरने फक्त संपवलेल्या लेनिनग्राडबद्दल आहे, असे त्यात येते. त्या पुस्तकाच्या अस्सलपणावर संगीत-अभ्यासक लॉरेल फे यांनी लगेच सप्रमाण आक्षेप घेतले आणि तो वाद आजही चालू आहे. पण एकाने फॅसिझमविरोधी पोस्टर म्हणायचे आणि दुसऱ्याने स्टालिनविरोधी गुप्त चिठ्ठी, या दोन्ही टोकांना सिंफनी म्हणजे सांकेतिक निरोप वाटतो. बसूनचा विलाप निरोप देत नाही. तो जागा करून देतो, आणि तिथे कोण येऊन रडेल याची यादी विचारत नाही.

युद्ध संपल्यावर ही मुभा काढून घेतली गेली, यातच तिचे मोल दिसते. १९४३ ची आठवी सिंफनी अधिकच काळीकुट्ट होती. १९४८ मध्ये संगीतकारांना धारेवर धरणाऱ्या, पक्षाच्या झ्दानोव्ह ठरावानंतर तिचे वादन जवळपास बंद पडले आणि शोस्ताकोविच पुन्हा गुन्हेगार ठरला. १९४९ मध्ये ‘लेनिनग्राड प्रकरणा’त शहराचे नेतृत्व गजाआड गेले, पुढे गोळ्यांना बळी पडले, आणि वेढ्याचे संग्रहालयही बंद झाले. विजय सांगायला परवानगी होती, मेलेल्यांची आठवण मात्र मोजूनमापून.

ऑगस्ट २००८ मध्ये जॉर्जियाच्या युद्धानंतर रशियन संचालक वालेरी गेर्गिएव्हने दक्षिण ओसेतियातल्या त्स्खिन्वालीत, उद्ध्वस्त संसदेपुढे, ही सिंफनी उभी केली. गेर्गिएव्ह स्वतः ओसेतियन, आणि त्या गावाने तोफगोळे खरेच सोसले होते. पण शेजारच्या देशात रशियन रणगाडे शिरलेले असताना ती विलापाची सुरावट सत्तेचे समर्थन बनली. १९४२ मध्ये मारा सोसणाऱ्यांनी वाजवलेले संगीत आता चाल करून जाणाऱ्या राज्याच्या छत्राखाली वाजत होते. हा गैरवापर आहे, असे या व्यासपीठावरून निःसंकोच म्हणायला हवे.

मराठीशी या सगळ्याचा एक धागा आहे. त्याच महायुद्धावर अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि मुंबईच्या कामगार वस्त्यांत व्होल्गाकाठची लढाई डफ-तुणतुण्यावर गाजली. त्यांचा कम्युनिस्ट पक्ष तेव्हा युद्धाला लोकयुद्ध मानत होता आणि ‘चले जाव’ चळवळीपासून दूर होता. त्या ताणाची चर्चा आपण फारशी करत नाही. पोवाड्याला वीर लागतो, विजय लागतो. शोकाचा सूर लांबवायला त्याच्या चालीत जागा कमी. शोस्ताकोविचने ज्या गोष्टीसाठी सिंफनीचा एवढा मोठा अवकाश घेतला, ती गोष्ट आपल्या शाहिरीने कुठे केली आणि कुठे टाळली, हे अभ्यासकांनी दोन्ही कृती शेजारी ठेवून तपासायला हवे.

म्हणून संयोजकांना एक मागणी. उद्याच्या श्रवणसत्रात अण्णा भाऊंचा तो पोवाडा आधी गावा, आणि मग सातवी सिंफनी पूर्ण, सव्वा तास, चारही भागांसह लावावी. अशा सत्रांत बहुधा ड्रमची दहा-बारा मिनिटेच ऐकवली जातात आणि धून चढली की रेकॉर्ड थांबते. उद्या ती बसूनच्या आधी थांबवू नये.