घरमालक महापालिका आणि तिचा भाडेकरू



राज्यातल्या महापालिकांचे अभियंते, मालमत्ता विभागातले सहकारी आणि भाडेकरू संघांचे कार्यकर्ते यांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. आपल्या परिषदांतून चटई क्षेत्र, पुनर्विकासाची नियमावली आणि बांधकामाची नवी तंत्रं यांवर भरपूर बोललं जातं, आणि ते बोललं जायलाच हवं. आज मात्र मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. महापालिका ही घरमालक आहे. तिच्या चाळी आहेत, कर्मचाऱ्यांच्या वसाहती आहेत, भाडेपावत्या फाडणारा विभाग आहे. घरमालक म्हणून ती कशी वागते, हे तिच्या भाडेकरूला आपण कधी विचारलं आहे का?

ही मालकी मुंबई महापालिकेकडे कशी आली, ते थोडक्यात सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं गाव गाठू लागली, गिरण्या ओस पडायची वेळ आली, आणि १८९८ मध्ये सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. कोंदट वस्त्या पाडून त्यानं ज्या चाळी बांधल्या, त्या आपल्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला आणि चाळींबरोबर त्यांतले भाडेकरूही पालिकेचे झाले.

दरम्यान १९२० मध्ये सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं होतं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग इथे त्यानं चाळी उभ्या केल्या. २०७ चाळी. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालयं सामायिक. या बीडीडी चाळी पालिकेच्या नव्हेत, सरकारच्या. पण त्यांची सुरुवातीची हकिकत आपल्या कामाची आहे. बांधून झाल्यावर त्यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. शहरात कामगार एका खोलीत दोन-दोन कुटुंबं कोंबून राहत होते आणि वरळीतल्या पक्क्या काँक्रीटच्या खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. भाडं परवडत नव्हतं. वरळी तेव्हा गिरण्यांपासून, बाजारापासून दूर पडायची. खोल्यांत उजेड कमी. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना कोंडायला झाला. ज्यांच्यासाठी घरं बांधली त्यांना काय हवं आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या वेळच्या अभियंत्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. न विचारण्याची ती सवय मात्र शंभर वर्षं टिकली, हे मला खुपतं.

आता आजच्या एका साध्या तक्रारीचा प्रवास बघू. पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शौचालयाचं पाणी खालच्या खोलीच्या छतात मुरतं. त्या खोलीतल्या बाई वॉर्ड ऑफिसात जातात. तिथून त्यांना मालमत्ता विभागाकडे पाठवतात. तो म्हणतो, दुरुस्ती आमच्याकडे नाही, फक्त भाडं आमच्याकडे. अभियंता म्हणतो, तरतूद संपली, एप्रिलनंतर बघू. कधीतरी निविदा निघते, कंत्राटदार येतो, वरून गिलावा मारून जातो. पुढच्या पावसात तोच डाग, आणखी मोठा. पण फाइलवर तक्रार निकाली निघालेली असते. देयकावर कंत्राटदाराची सही असते, कनिष्ठ अभियंत्याची असते, लेखा विभागाची असते. जिच्या डोक्यावर पाणी गळत होतं, तिची सही कुठेच नसते. काम झालं की नाही हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि कागदोपत्री तिला विचारण्याची सोयच नाही.

हे गळतीपुरतं राहत नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये माझगावला डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत पहाटे कोसळली. इमारत महापालिकेची. वर राहणारी कुटुंबं महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. ६१ माणसं गेली. ती काही ब्रिटिशकालीन जीर्ण चाळ नव्हती. जेमतेम तीन दशकं जुनी होती. खालच्या गाळ्यात झालेल्या फेरफारांची चर्चा तेव्हा खूप झाली. मला त्याच्या मागचं दिसतं. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली खाजगी मालकाला धोकादायक इमारतीची नोटीस आपणच बजावतो, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्या, असं कलम ३५३ ब दाखवून आपणच सांगतो. मालक आपणच असलो की नोटीस कुणी कुणाला द्यायची? भाडेकरूनं कुणाकडे जायचं? हा प्रश्न मी टीका म्हणून विचारत नाही. मला त्याचं उत्तर हवं आहे.

इंग्लंडला या उत्तराकडे अतिशय मोठी किंमत मोजून यावं लागलं. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ जण मृत्युमुखी पडले. तो टॉवर केन्सिंग्टन अँड चेल्सी या स्थानिक कौन्सिलचा, म्हणजे आपल्या भाषेत पालिकेच्या मालकीचा. तिथल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच लेखी इशारे दिले होते. ते वाचणारं कुणी नव्हतं, असलं तर मनावर घेणारं नव्हतं. चौकशीचा अंतिम अहवाल यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल इथे सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या घरात आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा भिंतीवरच्या बुरशीमुळे श्वास कोंडून गेला. वडिलांनी तक्रारी केल्या होत्या. भिंत रंगवून घ्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

या मृत्यूंनंतर २०२३ मध्ये तिथे सामाजिक गृहनिर्माण नियमनाचा नवा कायदा झाला. त्यातले तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण ते आपल्यासारख्या अभियंत्यांच्या रोजच्या कामाचे आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जिवाला धोका असेल तर चोवीस तासांत कारवाई करावी लागते. ओल आणि बुरशीचा गंभीर धोका कळला की दहा कामाच्या दिवसांत तपासणी, तिचा निष्कर्ष तीन दिवसांत भाडेकरूला लेखी, आणि पाच दिवसांत घर सुरक्षित करणं बंधनकारक आहे. घरमालकाला दरवर्षी २२ मोजमापं नोंदवावी लागतात. त्यांतली बारा थेट भाडेकरूला विचारून येतात: दुरुस्ती वेळेवर झाली का, घर सुरक्षित वाटतं का, तुमचं म्हणणं ऐकून घेतात का, मानानं वागवतात का. हजाराहून अधिक घरं असलेल्या प्रत्येक घरमालकाची, त्यात कौन्सिलही आल्या, नियामक तपासणी करतो आणि श्रेणी जाहीर करतो. २०२४ मध्ये पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम कौन्सिलला यातली सर्वांत खालची श्रेणी मिळाली. एका सरकारी यंत्रणेनं दुसरीला, सगळ्यांसमोर, नापास म्हटलं.

या मोजमापांच्या पहिल्या वर्षीच्या आकड्यांनी मला फार विचार करायला लावलं. एकूण सेवेबद्दल सुमारे ७१ टक्के भाडेकरू समाधानी होते. तक्रार कशी हाताळली जाते यावर समाधानी असलेले मात्र सुमारे ३५ टक्केच. घर बरं आहे, पण बिघडलं की कुणी दाद घेत नाही, असं सांगणारे इतके लोक तिथे निघाले, आणि तेही मोजलं म्हणून कळलं. इंग्लंडच्या सगळ्या पद्धती आपण उचलाव्यात असं मी म्हणत नाही. तिथेही घरांची टंचाई आहे, प्रतीक्षायादीत माणसं वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. आपल्याला घ्यायचा आहे तो मोजण्याचा आणि जाहीर करण्याचा प्रामाणिकपणा.

आपल्याकडे दुरुस्तीचा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं: भाडंच इतकं कमी आहे की पावती छापायलाही परवडत नाही, दुरुस्ती कुठून करणार? भाडं कमी आहे हे खरं. पण स्लॅब पडतो तेव्हा भाडं किती भरलंय ते पाहून पडत नाही. आणि आपण मिळणारं भाडं आणि दुरुस्तीचा खर्च यांचा वेगळा हिशेब तरी कुठे ठेवतो? इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं कौन्सिलच्या घरांचं खातंच वेगळं केलं; भाडेकरूंचा पैसा दुसरीकडे वळवता येत नाही आणि तूटही लपत नाही. आपल्याकडे तूट किती, हे उघड दिसलं तर ती भरून काढण्याची मागणी सभागृहात ठामपणे करता येईल. आज ती नुसती कुजबुज आहे.

दुसरं उत्तर जास्त घातक आहे: पुनर्विकास होणारच आहे, मग आता कशाला खर्च? या एका वाक्यानं किती जिने, किती पाण्याच्या टाक्या, किती गॅलऱ्या टेकूवर सोडल्या गेल्या, त्याचा हिशेब कुणी केलेला नाही. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं. पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या, पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या. तो आनंद खरा होता. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना स्वतःची मोरी, स्वतःचं शौचालय मिळालं, याचं मोल आपल्या कुठल्याही आकडेवारीत बसणार नाही. पण भूमिपूजन आणि चावी यांच्यामध्ये आठ वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत म्हातारी माणसं रात्री त्याच सामायिक शौचालयाकडे भिंत धरत जात होती. संक्रमण शिबिरात गेलेल्यांचं तर विचारूच नका. तिथे काही कुटुंबांची दुसरी पिढी लग्नाची झाली.

शिवाय चावी मिळाली की काम संपत नाही. चाळीला जिना होता. नव्या चाळीस मजली इमारतीला लिफ्ट आहे, पंप आहे, आग विझवण्याची यंत्रणा आहे. पहिली बारा वर्षं देखभाल म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, राहणार आहे. या बारा वर्षांत लिफ्ट किती तास बंद होती, अग्निशमन पंपाची चाचणी कधी झाली, हे तळमजल्यावरच्या फलकावर लिहिलेलं दिसेल का?

सफाई कामगारांच्या वसाहतींबद्दल बोलल्याशिवाय मी थांबू शकत नाही. तिथलं घर नोकरीला बांधलेलं आहे. माणूस निवृत्त झाला की खोली सोडायची. म्हणून शिकलेल्या मुलालाही वारसाहक्कानं झाडू हातात घ्यावा लागतो, कारण तो घेतला नाही तर आई रस्त्यावर येईल. अशा घरातला माणूस छत गळतंय म्हणून साहेबांकडे मोठ्या आवाजात तक्रार करील, अशी अपेक्षा आपण कशी ठेवतो? त्याचा साहेब आणि घरमालक एकच आहे. या वसाहतींतून तक्रारी कमी येतात, म्हणून तिथे सगळं ठीक आहे असं एका बैठकीत मी ऐकलं होतं, आणि मला संताप आला होता. तिथली तक्रार ऐकणारा माणूस खात्याबाहेरचाच हवा.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा आपल्यासमोर येईल. त्यात मी तीन गोष्टींचा आग्रह धरला आहे. दुरुस्तीचं देयक भाडेकरूच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये, आणि सही नाकारली तर कारण नोंदवून तपासणी व्हावी. पालिकेच्या मालकीच्या प्रत्येक निवासी इमारतीची संरचनात्मक तपासणी बाहेरच्या संस्थेनं करावी आणि तिचा अहवाल मराठीत त्याच इमारतीच्या प्रवेशद्वारावर लावावा. आणि वर्षातून एकदा भाडेकरूंची पाहणी व्हावी. निष्कर्ष कसेही आले तरी ते सभागृहात मांडले जावेत.

सुरुवात सगळ्या राज्यात करण्याची गरज नाही. ज्या महापालिकेची तयारी असेल तिनं एक वॉर्ड निवडावा. पाहणीचे प्रश्न मात्र आपण कार्यालयात बसून लिहू नयेत. भाडेकरू संघांच्या ज्या भगिनी मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी कृपा करून पुढे यावं. दुपारी अडीच वाजता मसुदा समितीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या आहेत.