आधी बेअरिंग, मग मोटर

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्लीत रिमोटची टूरिंग कार पळवायची, तर आधी स्पीडब्रेकर मोजा! नवशिक्यांना परवडणारी टामिया कंपनीची टीटी-02 ही 2013 साली आलेली गाडी. खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराची, चारही चाकांना जोर देणारी. पोरं आधी मोटर बदलतात, आणि तिथंच गडबड होते. त्याआधी किटमधले प्लॅस्टिकचे बुश काढून बॉल बेअरिंग घाला. घर्षण घटतं, बॅटरी जास्त टिकते. मग तेलाचे शॉक ॲबसॉर्बर. वेगासाठी पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर, मोठा लावलात, तर पाच मिनिटं गाडी पळवून मोटरला हलकेच बोट लावून बघा. चटका बसला, तर कमी दातांचा पिनियन घाला. आणि आपल्या खडबडीत डांबरावर चेसिस ट्रॅकवरच्यापेक्षा थोडी उंचच ठेवा.