कमानीऐवजी शिष्यवृत्ती

मला विषय दिलाय ‘करिअर निवडताना’. पण कुंडलात उभं राहिलं की आधी इतिहासच आठवतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासाठी माळरान निवडलं ते कुंडल रोड स्टेशनाजवळचं. जमीन औंधच्या राजांनी दिली, तरी कारखान्यातले नांगर देशभर धाडायला रूळ हवेच होते. ७ जून १९४३ रोजी कॅप्टन भाऊ आणि जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली. गाडीची वेळ आणि जागा हेरली नसती, तर नुसतं धाडस काय कामाचं? म्हणून करिअर निवडताना वाहतुकीचा अभ्यासही विचारात घ्या; तो या गावाला नवा नाही. तरी थोरांच्या नावानं आपण कमानी उभारतो. अमेरिकेत हेलीन ओव्हरली यांच्या स्मरणार्थ वाहतूक क्षेत्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती मिळते. तशीच एक प्रतिसरकारच्या स्मृतीसाठी इथं असावी. अट एकच, प्रबंध पलूस-कडेगावच्या रस्त्यांवर हवा.

कुणी म्हणेल, वाहतुकीचं नियोजन हवं पुण्या-मुंबईला, इथं गर्दी कुठं? गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, एसटी आणि सायकलवरच्या मुली एकाच रस्त्यावर येतात. समोर बसलेले साखर कारखान्याचे संचालक उसाचा हिशेब किलोपर्यंत ठेवतात. तोच ऊस कोणत्या तासाला रस्ता भरतो, हेही मोजता येईल. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पण जादा तास साडेपाचला सुटला आणि गाडी पाचलाच गेली, तर पास दप्तरात राहतो. दुसरा आक्षेप, एसटीकडे गाड्याच कमी, अभ्यास करून काय होणार? गाड्या कमी असतात तेव्हाच कुठली गाडी कुठं आणि कधी सोडायची, याचा हिशेब लागतो. शिकलेला माणूस परत येणार नाही, ही भीतीही खरी आहे. पण तो गेला तरी त्याचा प्रबंध आगारात आणि पंचायतीत वापरता येईल.

म्हणून मुलांनो, माझा सल्ला एकच: तक्रारीआधी मोजा. ‘गाडी नाही’ हे आगारप्रमुख रोज ऐकतात. पण थांब्यावर साडेपाचला किती मुली, कोणत्या गावच्या उभ्या असतात, याची महिनाभराची नोंद पुढे ठेवली, तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. शिष्यवृत्तीचा निधी पुढच्या रांगेनं उभा करावा. नोंदवही मात्र तुम्ही सोमवारपासूनच सुरू करा.