पगार आहे, म्हणून मदत नाही?



मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा आहे : "ताई, मी नोकरी करते, मूल एकटीनं वाढवते. मला सरकारकडून काही मिळेल का?" आणि मी तोंड उघडायच्या आत ती बाई स्वतःच उत्तर देऊन टाकते, "नाहीच मिळणार ना, पगार आहे मला."

आज मला या उत्तराबद्दल बोलायचंय. ते अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी कितीतरी जणी अर्जच करत नाहीत.

मी वडोदऱ्याला राहते. इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. रविवारी सकाळी मी काही जणींचे अर्ज भरून देते, कागद तपासून देते. त्यामुळे जे सांगणार आहे ते टेबलाच्या या बाजूनं पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट. नोकरी करणं हे बहुतेक योजनांमध्ये अपात्रतेचं कारण नाही. सरकारी नोकरी आणि आयकर हे दोन अपवाद पुष्कळ ठिकाणी सापडतील, पण खासगी नोकरी, घरकाम, शिवणकाम, दुकानातली नोकरी यांना 'चालणार नाही' असं कुठे लिहिलेलं नसतं. लिहिलेली असते ती उत्पन्नाची मर्यादा. आणि खरी गंमत त्या आकड्यातच आहे.

महाराष्ट्रातली संजय गांधी निराधार अनुदान योजना घ्या. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा सगळ्या जणी तिच्यात येतात. महिना 1,500 रुपये मिळतात. मर्यादा किती? कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपये. वर्षाचं, महिन्याचं नाही. म्हणजे महिन्याला 1,750. आता 2024-25 सालचा महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर पाहा, दिवसाला 297 रुपये. एखादी बाई हमीचे पूर्ण 100 दिवस कामावर गेली तर तिचे 29,700 होतात. सरकारनंच दिलेलं काम पूर्ण केलं, की सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून ती बाहेर. गमतीचा भाग असा, की हाच 21,000चा आकडा कामगार विमा योजनेतही आहे, पण तिथे तो महिन्याच्या पगाराचा आहे. एक खातं महिना 21,000 मिळवणाऱ्याला संरक्षणाची गरज असलेला कामगार म्हणतं, दुसरं खातं वर्षाला 21,000च्या वर गेलेल्या बाईला निराधार मानायला तयार नाही.

दिल्लीत वेगळं आहे असं वाटत असेल तर तेही बघू. तिथली संकटग्रस्त महिलांची पेन्शन चांगली आहे, महिना 2,500. मर्यादा वर्षाला एक लाख. आणि दिल्ली सरकारनं ऑक्टोबर 2024 पासून अकुशल कामगारासाठी ठरवलेलं किमान वेतन होतं महिना 18,066. वर्षाचे दोन लाख सोळा हजारांच्या वर झाले. म्हणजे जिला कायद्याप्रमाणे पगार मिळतो ती अपात्र. जिचा मालक कायदा मोडून निम्म्याहून कमी देतो, तीच पात्र!

माझं म्हणणं एवढंच आहे. या योजना कष्ट करणाऱ्या बाईच्या विरोधात कुणी मुद्दाम लिहिल्या नाहीत, पण त्या लिहिताना डोळ्यांपुढे घरात बसलेली, कुणाच्या तरी आधारावर असलेली बाई होती. सकाळी डबा करून, मुलाला शाळेत सोडून, साडेनऊची बस पकडणारी बाई तिथे कुणाला दिसलीच नाही.

वडोदऱ्यातली एक हकिगत सांगते. एका दवाखान्यात स्वागत कक्षात काम करणारी विधवा बाई, पगार 12,000. गुजरातमध्ये विधवांसाठी गंगास्वरूपा आर्थिक सहाय्य योजना आहे, महिना 1,250. (आपल्या जुन्या पत्रांतल्या 'गं. भा.'चीच ही गुजराती बहीण. नाव सुधारून दिलं की मान वाढतो असं सरकारांना का वाटतं कोण जाणे.) शहरासाठी मर्यादा दीड लाख, म्हणजे महिना साडेबारा हजार. तिला मालकानं हजार रुपयांची वाढ देऊ केली. ती माझ्याकडे विचारायला आली, "ताई, वाढ घेऊ की नको?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. वाढ घेतली तर वर्षाला 12,000 जास्त. पण उत्पन्न होतं 1,56,000, नवीन दाखला काढायची वेळ आली की पेन्शन बंद, म्हणजे वर्षाचे 15,000 गेले. पगारवाढीत तीन हजारांचा तोटा. ती म्हणाली, "मग मालकांना सांगते, वाढीचे पैसे हातात द्या, पगारपत्रकावर नको." मी तिला सांगितलं, असं करू नकोस. पगारपत्रकावर नसलेल्या पैशावर भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, कर्ज मागायला गेलीस तर तो पगार दाखवता येत नाही, आणि उद्या मालकाशी बिनसलं तर तो पैसा होता हे सिद्धही करता येत नाही. तिनं वाढ पगारपत्रकावरच घेतली. पण तीन हजार तिचेच गेले, माझे नाही, हे मला माहीत आहे. मर्यादा ओलांडली की सगळी मदत एका फटक्यात बंद करण्याऐवजी ती थोडी थोडी कमी करता आली असती. तशी सोय या योजनेत नाही.

आता 'उत्पन्न' म्हणजे कुणाचं उत्पन्न? दाखल्यावर कुटुंबाचं असतं. नवरा गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर बाई माहेरी येते, आणि घाईघाईत तिचं नाव भावाच्या रेशनकार्डावर चढवलं जातं. त्या दिवसापासून भावाचा पगार तिचं कुटुंबाचं उत्पन्न धरला जाऊ शकतो. भाऊ तिला दमडी देत असो वा नसो. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी रेशनकार्डाचा असतो. मुलांसह स्वतःचं वेगळं रेशनकार्ड करून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला त्यानंतर काढा. भावाला वाईट वाटेल. वाटू द्या, समजावता येतं.

दुसरी अडचण आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांची. रेशनचं धान्य आता देशात कुठेही उचलता येतं. पेन्शन मात्र राज्याची हद्द ओलांडत नाही. सोलापूरची बाई नोकरीसाठी हैदराबादला गेली की महाराष्ट्राची 'लाडकी बहीण' तिथे लागू नाही, कारण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. तेलंगणानं 2017 मध्ये एकल महिलांसाठी वेगळी पेन्शन सुरू केली, ती चांगली गोष्ट आहे, पण तिथली रहिवासी असल्याचे कागद आधी उभे करावे लागतात. बेळगावच्या मराठी बाईला कर्नाटकाची गृहलक्ष्मी मिळू शकते, महिना 2,000, रेशनकार्डावर ती कुटुंबप्रमुख असली आणि ती स्वतः किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत नसला तर. इंदूरच्या बाईला लाडली बहना. म्हणून मुंबईच्या मावशीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला अर्ज भरू नका. तुम्ही राहता त्या राज्याचं बघा.

लाडकी बहीण आणि लाडली बहना या दोन्हींची मर्यादा अडीच लाख आहे. नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणी तिथे बसतात. या योजना सगळ्याच बायकांसाठी आहेत, एकल पालकांसाठी वेगळं काही त्यात नाही. उलट 2025 मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. दोघंही नसलेल्या बाईनं काय करायचं, हा विचार नंतर झाला. केंद्राच्या मातृवंदना योजनेनं मात्र 2022 च्या नियमांत नवऱ्याच्या आधारची सक्ती काढून टाकली, हे इथे सांगायला हवं.

आता ज्याबद्दल फार कमी जणींना माहिती असते, त्याकडे येते. स्वतःच्या नावानं दार बंद असेल तर मुलाच्या नावानं जाऊन पाहा. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून मुलामागे महिना 4,000 रुपये मिळतात. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबानं सोडलेली असेल तर ते मूल पात्र ठरू शकतं. मर्यादा गावात वर्षाला 72,000, इतरत्र 96,000. ही मर्यादाही तोकडीच आहे, पण 21,000पेक्षा पुष्कळ बरी. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे द्यायचा. महाराष्ट्रात याशिवाय बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250, आणि तिच्यात एकच पालक असलेली मुलं येतात. या कार्यालयाचं नाव ऐकून बायका घाबरतात, मूल काढून घेतील की काय असं त्यांना वाटतं. योजनेचा हेतू उलटा आहे. मूल संस्थेत जाऊ नये, घरातच वाढावं म्हणून तो पैसा आहे.

आणि एक पैसा असा आहे, ज्याला तुमच्या पगाराची मर्यादाच नाही. नवरा नोकरीत असताना गेला आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, तर विधवेला कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते, किमान 1,000. दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या 25 टक्के, वयाच्या पंचविशीपर्यंत. शिवाय त्याच खात्याचा विमा असतो, तो सात लाखांपर्यंत जातो. तुम्ही स्वतः पन्नास हजार मिळवत असलात तरी हे तुमचंच आहे, कारण ते अनुदान नाही, त्याच्या नोकरीतून आलेला हक्क आहे. कंपनी लहान होती, नोकरी वर्षाचीच होती, म्हणून कुणी विचारायलाच जात नाही. पगारातून वर्गणी जात होती का, एवढंच आधी बघा. जात असेल तर फॉर्म दहा-डी भरा.

घटस्फोटित आणि सोडलेल्या जणींसाठी पोटगी आहे. ती सरकारी मदत नाही, पण तिथेही तोच गैरसमज आहे, की मी कमावते म्हणून मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात स्पष्ट केलं, की पत्नी कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. मुलाचा खर्च तर वेगळा मागता येतोच.

अर्ज करताना एक गोष्ट कराच. पोच घ्या. खिडकीवरून "तुमचं बसत नाही" असं तोंडी सांगितलं, तर "लेखी द्या" म्हणा. वाद घालायचा नाही, उभं राहायचं. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा अर्ज आत घेतला जातो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी, मागच्या भागानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, बायको गेली, मुलगी सहा वर्षांची, मी फॅक्टरीत आहे, मला काय? दादा, विधुरासाठी विधवा पेन्शनसारखं इथे काही नाही. सरकारी नोकरीत असता तर 2018 च्या बदलानंतर केंद्रात एकल वडिलांनाही बालसंगोपन रजा मिळते, एकूण 730 दिवस. फॅक्टरीत तीही नाही. केंद्राच्या प्रायोजकत्वाच्या निकषात विधवा आईचा स्पष्ट उल्लेख आहे, विधुर वडिलांचा नाही. पण तुम्ही महाराष्ट्रात असाल तर बालसंगोपन योजनेचं दार उघडं आहे, ते मुलीच्या नावानं आहे. बायकोच्या मृत्यूचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि मुलीच्या नावाचं बँक खातं, एवढं घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. आणि बायको नोकरी करत होती का, तिचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता का, तेही शोधा. ती पेन्शन विधुरालाही मिळते.