नांदायला आलेली की राहायला आलेली?

(दुधनी इथल्या महिला मेळाव्यात एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनं केलेलं भाषण)



मला बोलायला सांगितलं ते स्थलांतरितांच्या हक्कांबद्दल. हा विषय काढला की आपल्या डोळ्यांपुढं येतात ते ऊसतोडीला जाणारे, पुण्या-मुंबईला बांधकामावर जाणारे, नाहीतर २०२०च्या टाळेबंदीत पायी निघालेले लोक. त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. पण मी आज दुसऱ्या टोकापासून सुरुवात करणार आहे. आम्ही चार मैत्रिणींनी सुट्टीत मोबाइलवर एक माहितीपट पाहिला आणि त्यावरून आमचं जे भांडण जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. ते भांडणच तुमच्यापुढं ठेवते.

माहितीपटाचं नाव 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'. २०१८ साली आला, सहा भाग आहेत. रजनीश, ज्यांना पुढं ओशो म्हणू लागले, त्यांच्या पंथाची ही हकिगत. पुण्यात कोरेगाव पार्कला १९७४ साली त्यांचा आश्रम सुरू झाला. १९८१ साली ते अमेरिकेला गेले आणि ओरेगॉन राज्यात ६४ हजार एकरांचं ओसाड रान विकत घेऊन शिष्यांनी तिथं रजनीशपुरम नावाचं शहर उभं केलं. रस्ते, धरण, शेती, विमानाची धावपट्टी, सगळं. हा सगळा कारभार एका बाईच्या हातात होता, बडोद्याच्या पटेलांच्या घरातल्या मा आनंद शीला.

शेजारी अँटेलोप नावाचं खेडं, वस्ती पन्नासाच्या आतबाहेर. त्यांना हे लाल कपड्यातले लोक नको होते. 'आमच्या गावात बाहेरचे आले' हे वाक्य त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी ऐकलं आणि आम्हाला हसू आलं, कारण ते मुंबईतही ऐकू येतं, सोलापुरातही. पण अँटेलोपच्या लोकांचीही बाजू आहे. १९८२च्या निवडणुकीत संन्याशांनी मतांच्या जोरावर त्यांचं गाव ताब्यात घेतलं आणि १९८४ मध्ये गावाचं नाव बदलून 'रजनीश' ठेवलं. आपल्या गावाची पाटी रातोरात बदलली तर आपल्याला काय वाटेल?

पुढं प्रकरण फार वाईट थराला गेलं. १९८४ मध्ये जिल्ह्याची निवडणूक जिंकण्यासाठी देशभरातून हजारो बेघर लोक बसमध्ये घालून आणले, त्यांना जेवण, कपडे, घर दिलं. ते मतदार होतील हा हिशेब. जिल्हा कार्यालयानं नवीन मतदारांची नोंदणीच अडवली आणि हिशेब फसला, तशी त्या माणसांची गरज संपली. त्यांना शेजारच्या गावांत नेऊन सोडून दिलं. ते सगळे अमेरिकेचेच नागरिक होते, एकालाही व्हिसा लागत नव्हता, तरी त्यांची गत उपऱ्यांसारखी झाली. त्याच सुमाराला पंथाच्या काही लोकांनी हॉटेलांतल्या सॅलडमध्ये रोगजंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. मतदानाच्या दिवशी गावकऱ्यांनी घरी पडून राहावं यासाठी ही रंगीत तालीम होती. शीलांना त्यासाठी तुरुंगवास झाला, तो व्हायलाच हवा होता.

आता आमचं भांडण. माझी एक मैत्रीण म्हणाली, असल्या लोकांना हाकललं ते बरंच झालं. मी तिला म्हटलं, हाकललं कशासाठी ते नीट बघ. १९८५च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द रजनीशांना शिक्षा झाली ती विषप्रयोगासाठी नाही. त्यांच्यावरचे दोन आरोप कागदाचे होते. एक, देशात येताना कायमचं राहायचा इरादा लपवला. दुसरा, परदेशी शिष्यांना अमेरिकेत राहता यावं म्हणून अमेरिकन शिष्यांशी खोटी लग्नं लावून देण्याचा कट केला. दहा वर्षांची स्थगित कैद, चार लाख डॉलर दंड आणि देश सोडून जाणं. गुन्हा करणाऱ्याला गुन्ह्याची शिक्षा मिळावी, पण बाहेरून आलेल्याला घालवायला कागद पुरतो, हे मला या माहितीपटातून दिसलं. उद्या ज्यानं काहीच केलं नाही त्यालाही त्याच कागदावर घालवता येतं.

आणि कागद कोणता, तर लग्नाचा. माहितीपट या गोष्टीवरून भरभर पुढं जातो. त्याला शीलांच्या बोलण्याची भुरळ पडलेली आहे, सहाही भागांत कॅमेरा त्यांच्याकडं परत परत वळतो. रान साफ करणाऱ्या, शेकडो माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका नुसत्या दिसतात, बोलत नाहीत. तिथं वाढलेल्या काही मुलींनी मोठेपणी लैंगिक शोषणाबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेही यात नाही. तर लग्नांचं. सरकारचं म्हणणं, ही लग्नं खोटी. मग खरं लग्न कोणतं, हे अधिकारी कसं ठरवणार? नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारून. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेत खोट्या लग्नांविरुद्ध नवा कायदा झाला. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर परदेशी जोडीदाराला आधी अटीवर राहायची परवानगी, आणि अट काढायचा अर्ज दोघांनी मिळून करायचा. म्हणजे मारणाऱ्या नवऱ्याच्या सहीवर बाईचा मुक्काम. सही हवी असेल तर गप्प बस. तिथल्या बाया आणि संघटना यावर बोलत राहिल्या. न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली 'सखी' या संस्था निघाल्या, त्या आपल्याच दक्षिण आशियातल्या मार खाणाऱ्या बायकांसाठी. १९९० मध्ये अशा बायकांना नवऱ्याच्या सहीतून सूट मिळाली आणि १९९४च्या कायद्यानं त्यांना स्वतःच्या नावानं अर्ज करता येऊ लागला.

सोलापूर-पुण्याच्या संगणकवाल्या जावयांबरोबर गेलेल्या आपल्या मुलीही नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून जातात. २०१५ पर्यंत त्या व्हिसावर बाईला कमवायला परवानगीच नव्हती. त्या वर्षापासून काहीजणींना मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तरच. शिकलेली इंजिनिअर मुलगी तिथं भांडी घासत बसते आणि इथं आई सांगते, लेक अमेरिकेला आहे!

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं दुधनीत काय? आपल्या घरात बघा. इथून रेल्वेनं गाणगापूर रोडला उतरलं की आपण कर्नाटकात. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. अक्कलकोट संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात गेलं, गुलबर्गा तेव्हा निजामाकडं होतं, ते १९५६ मध्ये म्हैसूरला जोडलं. रेषा बदलत राहिल्या, आळंद-अफझलपूरच्या सोयरिकी मात्र कुठल्याच सरकारला विचारून झाल्या नाहीत. २०२२ मध्ये सीमावाद पुन्हा पेटला तेव्हा वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांचे फोटो आले. त्या रेषेवरून दर लग्नसराईत डोक्यावर अक्षता घेऊन जाणारी-येणारी बाई कुणाला आठवली नाही.

२०११च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात जन्माचं किंवा आधीचं ठिकाण सोडून दुसरीकडं राहणारी माणसं सुमारे ४५ कोटी. त्यात दोन तृतीयांशाहून जास्त बायका, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. म्हणजे या देशातला सगळ्यात मोठा स्थलांतरित वर्ग सासरी नांदणाऱ्या बायकांचा आहे. पण आपण तिला स्थलांतरित म्हणतो का? ती 'नांदायला आलेली'. नवऱ्याच्या घरात जागा मिळाली की तिचा प्रश्न संपला असं सगळे धरून चालतात.

तिचा प्रश्न कुठं सुरू होतो ते सांगते. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं माहेर आळंद तालुक्यात. रेशनकार्डात नाव घालायला त्या एका कार्यालयात गेल्या, तर आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा म्हणाले. माहेरी गेल्या, तिथं सांगितलं की वडिलांना आणा. वडील वारलेले. बरं, २०२० पासून एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळायची सोय झाली आहे, पण आधी कुठल्यातरी एका कार्डावर नाव पाहिजे ना!

अनुसूचित जातीच्या बाईचं तर अजून अवघड. सर्वोच्च न्यायालयानं १९९० आणि १९९४ साली सांगितलं की एका राज्यातल्या जातीच्या सवलती दुसऱ्या राज्यात स्थलांतर करून गेल्यावर मिळत नाहीत. १९९४चा निकाल तर महाराष्ट्रातल्या दाखल्यांबद्दलच होता. २०१८ मध्ये पंजाबातून उत्तराखंडात लग्न होऊन गेलेल्या एका बाईलाही हेच उत्तर मिळालं. कर्नाटकात ज्या जातीमुळं तिला विहिरीपासून लांब ठेवलं, ती जात सासरी येताना तिच्याबरोबर येते, गावाला ती बरोबर कळते. फक्त सरकारी भरतीच्या अर्जात ती चालत नाही.

आता लाडकी बहीण. २०२४ साली महिना १५०० रुपयांची ही योजना आली आणि सीमेपलीकडून आलेल्या बायका घाबरल्या, अधिवासाचा दाखला कुठून आणायचा म्हणून. मग सरकारनं सूट दिली: परराज्यात जन्मलेल्या बाईनं महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास चालेल. खूपजणींचं काम झालं, त्याबद्दल आनंदच आहे. पण योजना परित्यक्तांनाही आहे, हे सरकारच म्हणतं. तर नवऱ्यानं टाकलेली बाई त्याचा दाखला मागायला कुणाच्या दारात जाणार? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून त्या म्हणताहेत की आम्हाला आमच्या नावानं ओळखा. रजनीशपुरमच्या खटल्यात खोटं लग्न करून राहिलात म्हणून शिक्षा झाली, आणि इथं खरं लग्न मोडलं की कागद हातातून जातो. माझ्या मैत्रिणीला ही तुलना ओढून आणलेली वाटते. तिचं म्हणणं, व्हिसा वेगळा आणि रेशनकार्ड वेगळं. वेगळं आहेच, आपल्याला कुणी देशाबाहेर काढत नाही, घटनेच्या १९व्या कलमानं आपल्याला भारतात कुठंही राहण्याचा हक्क आहे. पण राहायचा हक्क आहे आणि धान्याचा, दाखल्याचा हक्क नवऱ्याच्या मार्फत आहे, तर तो राहणार कशावर?

मला वाटतं, बाई अमुक इतकी वर्षं इथं राहिली, शेतात राबली, बिड्या वळल्या, पोरं शाळेत घातली, एवढा पुरावा पुरला पाहिजे. घरपट्टीची पावती नवऱ्याच्या नावानं असते, पण पोराच्या शाळेच्या नोंदीत, आशाताईंच्या वहीत, बचत गटाच्या पासबुकात तिचं नाव असतंच. ते कागद धरायला लावणं ही आपल्या मंडळाची मागणी असावी, असा ठराव मी मांडते.

त्याआधी एक काम. परराज्यातून लग्न होऊन आलेल्या किती बायका आपल्या गावात आहेत, त्यातल्या किती टाकलेल्या, किती विधवा, किती जणींचं नाव कुठल्याच रेशनकार्डात नाही, याची गल्लीवार यादी आम्ही चौघी करणार आहोत. येत्या रविवारपासून संध्याकाळी येऊ. माहेरचा शाळेचा दाखला, आईवडिलांच्या कार्डाची झेरॉक्स, जे असेल ते काढून ठेवा. कन्नडमध्ये असेल तरी चालेल, मी वाचून देते.